टॉर्चमध्ये गॅस मी भरत होते

जबाब
दिनांक ३ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११ वाजून १० मिनिटे

नाव: निर्मला वसंत महाजन
वय: ६४ वर्षे
व्यवसाय: निवृत्त शिक्षिका
राहणार: बुधवारा, बुऱ्हाणपूर (म.प्र.)

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी, माझा मुलगा रोहित (वय ३१) आणि सून सायली (वय २६) असे तिघे राहतो. माझे पती सहा वर्षांपूर्वी वारले. रोहित विम्याच्या ऑफिसात नोकरीला आहे. सायली जसोंडीचे केळी-बागायतदार गजानन पाटील यांची मुलगी असून लग्नाला अडीच वर्षे झाली आहेत. ठाण्यात लिखापढी हिंदीत होते. पण मी छत्तीस वर्षे मराठी शिकवले आणि घाबरले की मला दुसरी भाषा सुचत नाही, म्हणून हवालदार दिगंबर यांनी हा जबाब मराठीत घेतला. मी आता घाबरलेली आहे, हेही लिहा असे मी त्यांना सांगितले.

दिनांक ३० सप्टेंबरला, अष्टमीच्या संध्याकाळी, मी याच ठाण्यात एक जबाब दिला होता. सायली स्वयंपाकघरात स्वतःच टॉर्चमध्ये गॅस भरत होती आणि मी बाहेर पायरीवर बसले होते, असे मी त्यात लिहून दिले. ते खोटे आहे. टॉर्चमध्ये गॅस मी भरत होते. रोहित त्या वेळी ऑफिसात होता. सायलीच्या वडिलांच्या तक्रारीवरून त्याला परवापासून इथे बसवून ठेवले आहे. त्याचा यात काहीही संबंध नाही.

टॉर्च म्हणजे उजेडाची बॅटरी नव्हे. हातात धरायची छोटी शेगडीच म्हणा. खटका दाबला की तोंडातून निळी ज्वाळा निघते. सायली घरून गोड पदार्थांच्या ऑर्डरी घेते. दूध आटवायचे, त्यात चक्का घालून मातीच्या वाटीत वाफवायचे, गार झाले की वर साखर भुरभुरायची आणि टॉर्चने जाळायची. साखर आधी घामेजते, मग तिला बुडबुडे येतात, मग ती मधाच्या रंगाची होते. त्यापुढे जरा थांबले तर कडू. गार झाली की वर काचेसारखा पापुद्रा धरतो आणि खाणारा तो चमच्याने फोडतो. मूळ पदार्थात अंडे असते असे तिने मला सांगितले होते. माझ्या घरात अंडे येणार नाही असे मी म्हटले, तर तिने वाद न घालता चक्क्यावर जमवले. पोरगी हुशार आहे.

शेजारच्या दीपालीताईंनी तपास करणाऱ्या साहेबांना सांगितले आहे की मी सुनेला जाळण्यावरून बोलत असे. त्याचा खुलासा करते. आमच्या सुनेला साधे शिजवता येत नाही म्हणून ती जाळून विकते, असे मी चारचौघांत म्हणत असे. सायलीसमोर म्हणत असे आणि तीही हसत असे. एकदा तिने मला उलट विचारले होते की आई, मग तुम्ही रात्री गुपचूप दोन वाट्या कशा खाल्ल्या. हे बोलणे आता कागदावर कसे दिसते ते मला कळते. तेव्हा ती थट्टा होती.

अष्टमीच्या दिवशी कन्यापूजनासाठी चाळीस वाट्यांची ऑर्डर होती. माणूस साडेचारला नेणार होता. साखरेचा पापुद्रा फार आधी करून चालत नाही, पाणी सुटते, म्हणून सायली दुपारी अडीचला टॉर्च घेऊन बसली. ओटा लहान पडतो म्हणून तिने मधल्या खोलीत फरशीवर चादर अंथरून वाट्या मांडल्या होत्या. त्याच खोलीत आमचा घट बसतो. घटाशेजारी पाटावर नऊ दिवस अखंड दिवा असतो, जमिनीपासून फार तर वीतभर उंच. दिवा विझू नये म्हणून त्या खोलीतला पंखा आम्ही नऊ दिवस लावत नाही आणि खिडकीही उघडत नाही. घामाच्या धारा लागल्या तरी नाही. हा माझ्या सासूबाईंपासूनचा नेम आहे आणि तो घरात मीच पाळायला लावते.

बावीस वाट्या झाल्यावर ज्वाळा बारीक झाली. टॉर्चमधला गॅस संपत आला होता. गॅस भरायचा तो गच्चीवरच, असा सायलीचा स्वतःचा नियम आहे. भरल्यावरही ती लगेच पेटवत नाही, थोडा वेळ जाऊ देते. ती उठायला लागली. मी म्हटले, तू साखर घालत राहा, मी भरते.

सायली म्हणाली, "आई, रुको ना. मी वर जाऊन भरते, दो मिनिट लागतील."

मी तिला म्हटले की आयुष्यभर पोरांच्या पेनांत शाई भरली, एवढे मला येते. सणाच्या दिवशी सासूशी वाद नको, असे तिला वाटले असावे. ती बसली.

मी निष्काळजी बाई नाही. मी आधी स्वयंपाकघरात जाऊन शेगडी बंद असल्याचे पाहिले आणि सिलिंडरही बंद केला. मग गुडघे दुखतात म्हणून मधल्या खोलीत स्टुलावर बसले. विस्तव म्हणजे शेगडी, एवढेच माझ्या डोक्यात होते. देवापुढचा दिवा हाही विस्तवच आहे, हे मी जन्मात कधी धरले नव्हते. कोणी विचारले असते की घरात कुठे आग आहे का, तर त्या दिव्याकडे बघत मी नाही म्हणाले असते.

टॉर्च उलटी धरून तिच्या बुडाशी गॅसचा डबा दाबायचा असतो. तो मला नीट बसवता येईना. बाजूने फुस्स आवाज होऊन गॅस बाहेर येत होता आणि बोटे गार पडत होती. मी चारपाच वेळा दाबले. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो आणि जमिनीवरून सरकतो, हे मला काल साहेबांनी सांगितले. मी शिक्षिका असून मला ते माहीत नव्हते.

सायली म्हणाली, "आई, बाजूनं निकलून राहिला तो. सोडा."

झालेच, असे मी म्हटले. तेव्हा तीन वाजून पाच मिनिटे झाली होती. पाटाकडून फरशीवरून निळा जाळ आमच्याकडे आला, सांडलेले पाणी येते तसा. मी डबा हातात धरून तशीच बसले. हात उघडेनात. सायलीने उठून तो डबा माझ्या हातातून ओढला आणि अंगणात फेकला. ती दाराकडून परत वळली तेव्हा तिच्या साडीने पेट घेतला होता. तिने मला एकदा हाक मारली.

यापुढचे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मी आधी दिवा उचलला. मोरीत पाण्याची भरलेली बादली होती, दहा पावलांवर, ती मला दिसत होती. पण मी दिवा उचलून वरच्या कोनाड्यात ठेवला आणि तो विझला नाही ना हे पाहिले. मग बादली आणली. किती वेळ गेला ते साहेबांनी मला दोनदा विचारले. मला सांगता येत नाही. आगीजवळून दिवा दूर केला असे मी म्हणू शकते आणि लोकांना ते पटेलही. पण तसे नव्हते. दिवा विझेल याची मला भीती वाटली. सायली माझ्याकडे बघत होती.

आरडाओरडा ऐकून दीपालीताई आल्या. आम्ही सायलीला चादरीत गुंडाळून रिक्षाने दवाखान्यात नेले. पाय, पोट आणि दोन्ही हात भाजले आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले.

पाच वाजता जसोंडीहून तिचे आईवडील आले. तिची आई रंभाबाई हिने व्हरांड्यात माझे दोन्ही हात हातात घेतले. मला वाटले आता ही रडेल, आणि मीही रडायला मोकळी झाले. तिने माझे हात उलटेपालटे करून पाहिले.

ती म्हणाली, "तुमचे हात तर साफ हायेत, विहीणबाई."

मी त्याच वेळी खोटे बोलायचे ठरवले. ठरवले असेही नाही, तोंडातून निघाले. मी बाहेर होते, असे मी म्हटले. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत सून भाजली की सासूचे काय होते ते आमच्या गल्लीत लहान पोरालाही माहीत आहे. मग ठाण्यात आल्यावरही मी तेच लिहून दिले.

एक ऑक्टोबरला नायब तहसीलदारांनी दवाखान्यात सायलीचा जबाब घेतला. मी एकटीच होते, गॅस मीच भरत होते, आई बाहेर होत्या, असे तिने सांगितल्याचे मला इथे कळले. दोघींचे शब्द इतके जुळतात म्हणजे मी किंवा रोहितने तिला पढवले, असे गजानन पाटलांचे म्हणणे आहे आणि साहेबांनाही तसे वाटते. तिला कोणीही पढवलेले नाही. मी काय लिहून दिले ते तिला ठाऊक नव्हते. ती आपल्या मनाने खोटे बोलली. मला वाचवायला बोलली, की त्या खोलीत मी होते हे तिला आठवायचेच नव्हते, हे मला माहीत नाही. कळल्यापासून मी याचाच विचार करते आहे.

काल दसऱ्याला मी रोहितला डबा घेऊन आले होते. आई, तू खरंच बाहेर होतीस का, असे त्याने मला विचारले. मी हो म्हटले. त्याने पुन्हा विचारले नाही आणि जेवलाही नाही.

आज सकाळी आठ वाजता रंभाबाईचा फोन आला. सायली माझे नाव घेते आहे, बारा ते साडेबारा भेटीच्या वेळेत या, असे ती म्हणाली. पुढचे दोन दिवस जड आहेत, असे डॉक्टरांनी तिला सांगितले आहे. मी बारा वाजता दवाखान्यात पोचले असते. तरीही आधी ठाण्यात आले.

या जबाबावर सही केली की मी आरोपी होईन आणि सायली साक्षीदार असल्यामुळे मला तिला भेटता येणार नाही, हे साहेबांनी मला समजावून सांगितले आहे. हवालदार दिगंबर भले गृहस्थ आहेत. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले की बाई, आधी जाऊन भेटून या, सही दुपारी करा, कागद कुठे पळून जात नाही. मी नाही म्हटले. मी गेले तर ती मला गप्प राहा म्हणेल, आणि मी तिचे ऐकेन. मी भित्री आहे, मला माझी खात्री नाही.

हा जबाब मी कोणाच्या धाकाने किंवा सांगण्यावरून दिलेला नाही. लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले आणि मी चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचले. मी सांगितले तसेच ते आहे, त्यात काही काढायचे नाही.

सही: निर्मला वसंत महाजन
वेळ: दुपारी १२ वाजून ५ मिनिटे