आजी जेवेल

केनियात, किसुमूच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिचा मास्तर मुलगा उभे होते. म्हातारीच्या गळ्यात दोरीला ओवलेली लाकडी चकती होती.

"आई, दोन दिवस राहायचं होतंस."

"कुणाशी बोलत? तुझी लेक आदोयो तर माझ्यावर इंग्रजीचा अभ्यास करते."

"सराव असतो गं तो. रोजच्या वाक्यांत काळ बसवायचे."

"हो, अर्थ तूच सांगितलास की. आजी जेवते, आजी जेवली, आजी जेवेल. वर टाळ्या वाजवल्यास. आजी, जेवलीस का, हे मात्र कुणी विचारलं नाही."

"ती चकती तरी काढ. लोक बघतायत."

"नातीनं घातलीय. मी घरात लुओ बोलले ना!"

"पोरखेळ तो. शाळेत आपली भाषा बोलणाऱ्याच्या गळ्यात घालतात. दुसरा कुणी बोलताना सापडला, की त्याच्या गळ्यात."

"मला सांगतोस? लहानपणी तूही घालून आला होतास, रडत. मी ती चुलीत घातली होती."

"आठवतंय."

"मग ही शाळेसाठी कुणी बनवली? तुझ्याच हातची ना?"

"आई, बस आली."

"लुओत बोललास, मास्तर. वाक."