राखाडी पोपट

शिंपीकाका : …म्हणून सांगतो ताई, संध्याकाळपर्यंत बसलात तरी या टेबलाशी कोणी फिरकणार नाही.

ताई : काका, खोलीच्या अर्जांची आज शेवटची तारीख. बेघर निवाऱ्यात चाळीस माणसं, आणि समोर तुम्ही एकटे. बाकीचे गेले कुठे?

शिंपीकाका : जेवणघरात. पोपटाची वाट बघताहेत.

ताई : कसला पोपट?

शिंपीकाका : तुम्ही. नवा माणूस आला की जुने सांगतात, अर्ज लिहायचा तर पोपटाला गाठ. हिरवा कोट, लाल चपला, कानात झुंबरं. नाव कोणाला ठाऊक आहे?

ताई : म्हणजे तीन वर्षं माझा पोपट झालाय आणि मला आज कळतंय.

शिंपीकाका : आज इथे राखाडी बाई बसलेली. सगळ्यांना वाटलं, तपासणी आली. मिशीवाल्याने किटली पलंगाखाली सारली.

ताई : मी त्याला फक्त 'झोप झाली का' विचारलं.

शिंपीकाका : त्यावर त्याने दोन जास्तीची पांघरुणं कबूल केली.

ताई : तीन. तिसरं स्वतः आणून दिलं.

शिंपीकाका : मग? अहो, उभा जन्म शिंपीकाम केलं. हा रंग मी अस्तराला लावायचो. दिसू नये म्हणून.

ताई : दिसायचं नव्हतंच मला.

शिंपीकाका : तीन आठवडे रजा. साहेब म्हणाले, घरगुती कारण.

ताई : आई गेली, काका.

शिंपीकाका : …मला काय माहीत. बोलत सुटलो आपला.

ताई : सकाळी कपाट उघडलं. हिरव्या कोटाला ती म्हणायची, भाजीची टोपली निघाली. चपलांना म्हणायची, आधी त्या येतात, मग तू. प्रत्येक कपड्याला तिचं एकेक मत चिकटलेलं. याच्याबद्दल तेवढी ती कधी काही बोलली नव्हती.

शिंपीकाका : बोलण्यासारखं आहे काय त्यात?

ताई : काका.

शिंपीकाका : खोटं नाही सांगत. पण आज अर्ज गेले नाहीत, तर या लोकांना आणखी वर्षभर इथलाच पलंग. मिशीवाला काही तपासणीवाल्या बाईपुढे अंगठा उठवायचा नाही.

ताई : मी जाऊन सांगते त्यांना.

शिंपीकाका : काय सांगाल? मीच पोपट म्हणून?

ताई : मग काय करू?

शिंपीकाका : दानाच्या कपड्यांत एक नारिंगी कोट पडलाय. कोणी नेत नाही. मोतीबिंदूवाल्या आजीसुद्धा म्हणाल्या, डोळ्यांना लागतो.

ताई : आणा.

(ते कोट घेऊन येतात.)

शिंपीकाका : घाला. याच्यावर तुमच्या आईचं मत नाही.

ताई : आहे की. मला ऐकू येतंय. अग्निशमन दलाला कळवलंस का, म्हणते.

शिंपीकाका : बरोबर बोलते. तो बघा, मिशीवाला डोकावतोय. ये रे, पोपटच आहे. पिकलाय फक्त… ताई, बाह्या फार लांब आहेत. दुमडून दोन टाके घालू?

ताई : राहू द्या. आज रुमाल विसरलेय.