सव्वीस जानेवारीची रेघ

तेच मनून ऱ्हायलो मॅडम, माझ्याच तोंडून कामून वदवता? सगळ्या गावानं बघितलंय. प्रिन्सिपल सायबाला इचारा, त्या शिट्टीवाल्याला इचारा – मीच एकटा घावलो? चौथी पास माणूस मी, तो बी मास्तरानं कंटाळून वर ढकललेला. बसा. तिथं नका बसू, त्या खुर्चीचा पाय मोडलाय, इकडं बाजेवर बसा. कोंडाबाई, चहा टाक, कॉलेजातल्या नव्या खेळाच्या मॅडम आल्यात, शिल्पा मॅडम – आन् गोड जरा कमी कर, तुझ्या हातानं पाक व्हतो. हाव हाव, समजलं, जबाब पाहिजे, पाचच्या आत इद्यापीठात पोचला तर लुंबिनीची बंदी उठंल, न्हाई तर पुढचं सालभर तिला मैदानात पाय टाकता येत न्हाई. चारदा सांगितलं तुमी. मी बहिरा न्हाई. ते मोबाईलात भरून घेताय का? घ्या. मी काय कोणाला भ्यालो न्हाई.

तुमी फेब्रुवारीत आलात, तुमाला हे साल काय माहीत? पोरींचं फुटबॉल, सहा कॉलेजं, दिवाळीपासून दर आयतवारी सामना – एकदा आपल्या घरी, एकदा त्यांच्या घरी. मी मनलं हे काय चालायचं न्हाई. पोरी आन् फुटबॉल! आन् माझीच नात, ही लुंबिनी, रोज सकाळी उठून भिंतीवर बॉल हाणायची – शेजारची महानंदा भांडायला आली की भिंत तिची हाय. पर चाललं मॅडम. लई चाललं. रेणापूरला गेलो तर त्यांच्या मैदानात सोयाबीनची खुटं, पोरींचे पाय सोलून निघाले. मुरुडला बाजारातली एक म्हैस सुटून गोलाम्होरच्या डीत येऊन बसली, ती उठंना, मालक घावंना – पाऊण तास खेळ बंद. शिरूर अनंतपाळची टीम आली नऊ जणींची, दोघी पेपरला गेलेल्या, तरी त्यांनी आमाला बरोबरीत सोडलं. आन् उदगीरच्या पोरी – त्या खेळताना आपसात कानडी बोलायच्या, आमच्या पोरींना कळंना बॉल कुणीकडं चाललाय. आमची राजकन्या, ती पुढं खेळती, ती मनली, आबा, आपण बी काहीतरी बोलू. मी मनलं, तू गोल कर, बोलतो मी.

मी? मी तिथं कोण मनजे? मी रेघवाला. चौतीस वर्षं त्या मैदानावर चुन्याची फक्की मारली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी रेघ मारायला मलाच बोलवतात, नव्या माणसाची रेघ दारू प्यालेल्यावानी जाती. माझं असं हाय – सुताची दोरी ताणायची, खुंटी दोन्हीकडं, डब्याला खाली भोकं, आन् चालताना श्वास रोखायचा. श्वास सोडला की हात हालतो. खेळाची रेघ मी दोन बोटं मारतो. पर सव्वीस जानेवारीची, पोरं झेंड्याला सलामी द्यायला उभी ऱ्हातात ती – ती चार बोटं, भरगच्च. बाबासाहेबांनी लिहून दिलेला दिवस हाय तो. त्या दिवसाला मी फक्कीची कंजुषी करत न्हाई. कोणी सांगितलं न्हाई, माझाच नेम.

आता झालं काय, यंदा फायनलसारखा शेवटचा सामना लागला सत्तावीसला. आपण आन् नांदेड. बरोबरी झाली तरी कप आपला, इतकं पुढं व्हतो आपण. आन् सव्वीसची सलामीची रेघ कुठं आली – स्टेज बांधलं मैदानाच्या उत्तर टोकाला, त्याच्यामुळं रेघ आली उत्तरेच्या गोलाम्होरं. खांबापासून दोन पावलं आत, मैदानात. आडवी, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आन् खरी गोलाची रेघ, ती आठ दिवसांपूर्वीची, तिच्यावरून सकाळी तीनशे पोरं चालून गेलेली – काय उरलं असंल तिच्यात? राखेवानी. दोन रेघा, मॅडम. खरी फिकी, खोटी ठळक.

कायदा काय? सव्वीसला झेंडा उतरला की ती रेघ पुसायची. खराटा आन् पाण्याचा डबा. हे माझंच काम. कोणी मनत न्हाई की माझं न्हाई.

सामना सांगतो. शून्य-शून्य. शेवटची पाच मिनिटं. लुंबिनी गोलात, उत्तरेच्या. नांदेडची एक उंच पोरगी, तिनं हाणला, लुंबिनी आडवी पडली, पोटाखाली बॉल दाबला. कुठं दाबला? दोन्ही रेघांच्या मधी. मनजे गोल न्हाई! खरी रेघ तिच्या पायामागं. मी समोरूनच बघून ऱ्हायलो. तो कडेचा झेंडेवाला, तो बिचारा बाहेरगावचा, जाड रेघेच्या नाकासमोर उभा, झेंडा अर्धा वर केला आन् थांबला. अर्धा! त्याला बी शंका व्हती. आन् तेवढ्यात खांबाच्या मागून कोणी तरी आरडलं – गोल! अरे गोल, गोल! – झेंडा गेला वर. शिट्टी. संपलं. नांदेडच्या पोरी नाचायला लागल्या.

मग आमच्या लुंबिनीनं काय केलं ते तुमच्या कागदात हायच. त्या झेंडेवाल्याचा झेंडा हिसकला, गुडघ्यावर मोडला, फेकला. वाईट केलं. मी न्हाई मनत चांगलं केलं. पर ती वरडून वरडून सांगत व्हती, ही रेघ सलामीची हाय, सलामीची हाय – आन् प्रिन्सिपल सायेब मला बोलवून सगळ्यांसमोर इचारतात, रामकिशन, सलामीची रेघ पुसली का न्हाई?

मी मनलं, पुसली.

चौतीस वर्षं, मॅडम. एक दिवस माझ्या रेघेला कोणी बोट लावलं न्हाई. सगळी बाहेरगावची माणसं उभी, नांदेडचे सर उभे. जीभ वळली ती वळली. पुसली मनलं. मग ही जाड रेघ कुठली – मी मनलं, हीच गोलाची. तिनं माझ्याकडं बघितलं. मनली, आबा, खरं सांगा. मी मनलं, पुसली मनलं ना एकदा. झालं, ती खोटी पडली. वरून झेंडा मोडलेला. बंदी.

त्या दिवसापासून ती मुरुडला हाय, आत्याकडं. महिना झाला. फोन करती, आजीशी, ह्या कोंडाबाईशी, बोलती, मी घेतला की ठेवून देती.

चहा घ्या. घ्या, गार होतो. कोंडाबाई, बाहेर नको थांबू, आत ये, तुझ्यापासून काय लपवायचं? तुला तर सगळं ठावं हाय.

इसरलो? मॅडम, तुमी चांगल्या घरच्या हायत, मनून असं इचारता. गुडघा दुखत व्हता मनून लिहा – न्हाई, नका लिहू. गुडघा दुखत व्हता, पर त्याच्यानं काय अडलं न्हाई. सत्तावीसला सकाळी सात वाजता मी मैदानात व्हतो. खराटा ह्या हातात, डबा ह्या हातात. रेघ समोर. धुकं व्हतं थोडं, आन् ती पांढरीशिप्पट... आन् माझं डोकं चाललं. मनलं, नांदेडची गोलवाली नवखी. ती उत्तरेच्या गोलात उभी ऱ्हाईल, तिला ही जाड रेघ दिसंल, ती मनंल हीच आपली, आन् दोन पावलं पुढं उभी ऱ्हाईल. राजकन्या डोक्यावरून टाकंल. खराटा ठेवला मी भिंतीला. डबा गुलमोहराला ओतला.

आन् झालं बी तसंच! पहिल्या अर्ध्यात ती पोरगी दोन पावलं पुढंच उभी, आन् राजकन्यानं टाकला वरून, आन् बॉल वरच्या दांडीला लागून बाहेर. मी कपाळ बडवलं. मग मधली सुट्टी झाली. आन् मग पोरींनी बाजू बदलल्या.

हसू नका. हसा, हसा. कोंडाबाई बी हसलीच. चौतीस वर्षं त्या मैदानावर असून माझ्या ध्यानात आलं न्हाई की अर्ध्या खेळाला बाजू बदलतात! मी कवा पुरा सामना बघितला? रेघ मारली की डबा धुवायला जायचो, यंदा पोरींसंगं गावोगाव हिंडलो तरी अर्ध्या खेळाला चहाला उठायचो. लुंबिनीला त्या गोलात जाऊन उभी ऱ्हाताना बघितलं आन् मी भिंतीचा खराटा उचलला. पळत जाऊन पुसता येत न्हाई, शिट्टी झालेली.

लिहा. रेघ सलामीची व्हती. पुसली न्हाई. बघून न्हाई पुसली. पोरगी खरं बोलली, आज्जा खोटं बोलला. असंच लिहा, गोड करू नका. सही येती मला, अंगठा नको, द्या पेन. ...घ्या. रामकिशन, खाली आडवी रेघ बी मारली बघा, सरळ आली. लुंबिनीची माफी ह्याच्यात घालू नका, ती कागदावर मागायची न्हाई. उद्या पहिल्या एसटीनं मुरुड.

माझं झालं. मी कबूल झालो. पर तो खांबामागून आरडला त्याचं काय? झेंडा अर्धा व्हता, मॅडम, अर्धा! तो नांदेडच्या कॉलेजात रेघा मारतो, त्यांच्या बसमधी बसून आला, माझा सख्खा साडू, सकाळी माझ्याच घरी भाकर खाल्ली. गोलाची रेघ कंची आन् सलामीची कंची, हे लुंबिनी सोडली तर त्या मैदानावर दोघांनाच कळत व्हतं, एक मी आन् एक तो. डबा धरायला त्याला मीच शिकवलं. तरी आरडला. आन् परवा लग्नात भेटला तर मनतो, दाजी, खेळात व्हतं असं.

जावा तुमी, पाच वाजतील. आन् नांदेडला कोणी जाणारं असंल तर त्याला माझा निरोप द्या, मी कबूल झालो, तू कवा होतो त्याची अजून वाट बघून ऱ्हायलो मनावं. नाव? नाव व्यंकटी.