चौथी बाजू

मालवणच्या स्टँडवर जामसंड्याची गाडी अजून लागली नव्हती. रांगेत माझ्यापुढे मासळीची रिकामी टोपली घेतलेली एक काकी आणि मुंबईहून आलेली तिची पुतणी.

“काकी, काकांच्या जाळ्यात सोंगट्यांसकट आलेला तो चौकटींचा पाट मी फोनवर शोधला. चीनमधला फार जुना खेळ आहे, वेइची. एकाने काळी सोंगटी ठेवायची, मग दुसऱ्याने पांढरी.”

“माका काय म्हायत! तुझ्या काकान गंमत म्हणान मधी एक काळी ठेवली. सकाळी बघतंव तर तिच्या बाजूक पांढरी.”

“तू ठेवलीस?”

“मी हात लावूक नाय. दर्यातली वस्तू ती. मगे आणखी एक पांढरी. काल तिसरी.”

“आणि काका?”

“घाबरलो तो, परत खेळाक नाय. तरी पलीकडचो खेळताच आसा.”

“म्हणजे काळीची एकच बाजू मोकळी?”

“एकच. कित्या गो?”

“चारी बाजूंनी घेरली की ती मरते. पाटावरून उचलतात.”

“उचलूं देत. पाट आता घरात नाय. दर्याचा दर्याक परत करूचा, वर नारळ देवचो, ही आमची रीत. सकाळीच तुझो काका होडी घेवन गेलो.”

“एकटेच?”

“एकटोच. लाटांनी परत आणूक नये म्हणान लांब जातलो, जमीन दिसाची नाय इतको लांब.”

“काकी, तिथे चारी बाजूंनी…”

“पाणीच गो. दर्यात आणखी काय आसतला?”