दोनशे उखाणे आणि एक भावोजी

...नाही, मला एक सांगा, माझ्या नवऱ्याचं नाव ध्रुव आहे हे लग्नपत्रिकेवर छापलं होतं, हॉलच्या दारात फुलांनी लिहिलं होतं, अख्ख्या लालबागला ठाऊक आहे, तरी हळदीकुंकवाला गेलं की ‘नाव घे, नाव घे!’ कशाला? पुरावा हवाय? पण मी काही बोलले नाही. मी मुळातच कमी बोलते.

त्यात सासूबाईंचा नियम! ‘आपल्या घरात शिळा उखाणा चालत नाही हं. मागच्या वर्षी आकांक्षाने जुनाच घेतला, शेजारच्या मालनकाकूने वर्षभर टोमणे मारले.’ आकांक्षा म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. म्हणजे घराण्याची अब्रू आता माझ्या यमकावर!

तुम्हाला सांगते, मी ऑफिसात पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिते, आणि त्यात ‘प्रॉडक्ट’ नावाची एक सोय आहे. याद्या द्यायच्या, ती या यादीतल्या प्रत्येकाची त्या यादीतल्या प्रत्येकाशी जोडी लावते. एकही सोडत नाही. पत्रिका नाही, गोत्र नाही, काही बघत नाही! मी पहिल्या दहा ओळी दिल्या, शेवटच्या दहा दिल्या, सगळ्यांचं यमक ‘आस’, आणि मधे नवऱ्याचं नाव. तेवढ्यात जाऊबाई मागून, ‘माझ्यासाठीपण काढ ना गं, दीपकच्या नावाचे!’ नाही कसं म्हणणार? टाकलं दीपकरावांना ध्रुवच्या शेजारी. दोनशे उखाणे! टाकले तसेच फोनमध्ये.

हळदीकुंकवाला मालनकाकू समोरच. ‘गो, नाव घेतल्याशिवाय वाण गावाचा नाय हां!’ मी पदराआड फोन धरला, चांगला उखाणा शोधून ठेवला, तेवढ्यात काकूंनी प्रेमाने कोपर मारलं, अंगठा सरकला, आणि समोर आलं ते मी खणखणीत वाचलं...

‘मसाल्याच्या डंकावर मिरचीचा त्रास,
दीपकरावांचाच मला जडलाय ध्यास!’

अत्तरदाणीसुद्धा थांबली हो! मग काकू, ‘अगो बाय... ह्यो तुझो दीर मां?’ जाऊबाईंच्या हातातला तिळगूळ हातातच. सासूबाई छताकडे. मी काय खुलासा करणार, ‘अहो, यादीत दोन नावं होती’? ऐकायला आणखी वाईट वाटतं ते! मी मुळातच कमी बोलते.

घरी ध्रुव म्हणतो, ‘अगं, शंभर तर बरोबर होते!’ झाली मदत. दीपकभावोजी तेव्हापासून मी वाढायला आले की ताट उचलून गॅलरीत जातात.

परवा काकूंकडेच हळदीकुंकू. मी नवाकोरा उखाणा पाठ केला, नाव तीनदा तपासलं, उभी राहिले... तर सगळ्या एका सुरात, ‘नवा नको, तोच!’ आशेने सासूबाईंकडे पाहिलं. शिळा चालत नाही ना यांना? तर त्या पदर तोंडाला लावून म्हणतात, ‘घे गं. आकांक्षाची हरकत नाही.’

घेतला. काय करणार? मी मुळातच कमी बोलते.