मध खाणाऱ्याचं नाव

हॅलो? … हो, कर्जतहून मीच, तुझा गुरुजी. भातगिरणीतल्या फोनवरून बोलतोय. … खुशाली नंतर, सहदेव. आपलं मुलांसाठीचं शब्दांचं पुस्तक छापायला गेलं का? … संध्याकाळी? मग थांबव.

… नाही, शब्दाआधीची चांदणीची खूण राहू दे. तो जुना स्लाव्ह शब्द कुठे लिहिलेला सापडलाच नाही. रशियन, झेक, सर्बी शब्द शेजारी ठेवून विद्वानांनी तो जुळवला, एवढंच चांदणी सांगते. … हो, 'मेद्वेदि', अस्वल. इकारान्त पुल्लिंगी, आपल्या 'अग्नि'सारखा. ते ठीक.

… 'मध जाणणारा' नव्हे रे. मध खाणारा. मधु आणि अद्, मध्वद. हा संधी तुला मीच शिकवलाय.

अरे ऐक ना. राग त्याचा नाही. बत्तिसावं पान काढ. … मोठ्याने नको, मनात वाच.

मी काय लिहिलं होतं? वर्गात विचारलं, त्या लोकांनी अस्वलाला मध खाणारा का म्हटलं असेल? डोंगरातल्या वाडीची बुधी उठली. म्हणाली, "भीत असतील. आमी पण रानात थोरल्याचं नाव नाय घेत. घेतलं का येतं." विद्वान ग्रंथ चाळून जिथे पोचले, तिथे ही पोर बसल्या जागी पोचली.

… हो, 'थोरला' कळणार नाही म्हणून तू खरं नाव घातलंस. तीनदा. तिच्याच तोंडी.

… सोपं केलंस? छापाचा नमुना आला तो तिनेच हौसेने उघडला. आठ दिवस शाळेत नाही. तिचा बाप जैतू म्हणतो, पुस्तक गावोगाव जाणार, जो वाचील तो माझ्या पोरीच्या तोंडून त्याला हाक मारणार.

… खुळी समजूत? त्या लोकांनी अस्वलाचं नाव इतकं टाळलं की मूळ शब्द विसरूनच गेले. ते तुला शास्त्र वाटलं, आणि बुधीची तेवढी खुळी समजूत?

… मग खाली टीप दे. पट्ट्यापट्ट्यांचं जनावर म्हण. मुंबईच्या मुलांना डोकं आहे.

… कोणता शब्द काढायचा ते मी बोलून दाखवू? नाही दाखवणार. जैतू आणि बुधी इथे दारात बसलेत, आणि त्यांना अजून रान ओलांडून घरी जायचंय.

… काढतोस? तिन्ही ठिकाणी? … थांब. बुधी, तो काढतो म्हणतोय गं. … सहदेव, तिचा तुझ्यावर विश्वास नाही. नवं वाक्य तूच वाचून दाखव. … ये, हे कानाला धर. असं. …

काय म्हणाला? … थोरला म्हणाला? बरं. ठेव आता फोन.