दारातला कोन्निचिवा

मुलगा : बाबा, उद्यापासून तिला दारात कोन्निचिवा म्हणू नका.

बाबा : का? उच्चार चुकतोय? मोबाईलवर जपानी शिकवणाऱ्या बाईचं ऐकून ऐकून घोटलाय मी. आरशासमोर उभं राहून.

मुलगा : उच्चार उत्तम आहे.

बाबा : मग वेळ? दिवसा म्हणायचा असतो, तेही पाहिलं. सून कामावरून दुपारीच येते.

मुलगा : वेळही बरोबर. पण जपानी लोक घरच्या माणसाला कोन्निचिवा म्हणत नाहीत. शेजाऱ्याला, गिऱ्हाइकाला, पाहुण्याला म्हणतात. ती हॉटेलच्या काउंटरवर जपानी पाहुण्यांना तेच म्हणत असते. घरी येते, तर सासरे दारात हजर.

बाबा : परक्या मुलखातून आलेल्या मुलीशी तिच्या भाषेत एक शब्द बोलावा, तर तोही गुन्हा. कमाल आहे. तुझ्यासाठी कधी उठून दारात गेलो नाही मी.

मुलगा : तेच म्हणतोय.

बाबा : काय तेच?

मुलगा : माझ्यासाठी उठत नाही. तिच्यासाठी उठता, वाकता. ती ओट्यापाशी गेली की हातातलं फडकं काढून घेता, ‘तू बस’ म्हणता. लग्न झाल्यापासून ती नुसती बसलीये. काल म्हणाली, वेगळं घर बघू या, बाबांना माझ्यामुळे अवघडून राहावं लागतं.

बाबा : असं म्हणाली?

मुलगा : नाही अवघडत?

बाबा : अवघडतं रे. बनियनवर बसायची चोरी झालीये. पण म्हणून वेगळं घर? मान दिला, त्याचं हे फळ?

मुलगा : तो मानच नकोय तिला.

बाबा : मग हवंय काय? घरात आलेल्या माणसाला त्यांच्यात काहीच म्हणत नाहीत की काय?

मुलगा : म्हणतात. येणारा म्हणतो तादाइमा, म्हणजे आलो. आतला म्हणतो ओकाएरी, आलास का. संपलं.

बाबा : म्हणजे पुन्हा श्रीगणेशा? या वयात?

मुलगा : नका करू पाठ. मी आलो की मला कुठे नमस्कार घालता तुम्ही? पेपरातून मानही वर न करता काम सांगता.

बाबा : तुला सांगतो. तिला कसं सांगू? काय वाटेल तिला?

मुलगा : माझं डोकं उठलंय, बाबा. तिला समजावू, की तुम्हाला?

(दार उघडतं. बाबा अर्धवट उठतात, पुन्हा बसतात.)

सून : कोन्निचिवा, बाबा.

बाबा : हं. आलीस का? ती… साखरेची बरणी दे गं इकडे. मला उठायचा कंटाळा आलाय.

सून : मी देऊ?

बाबा : मग कोण देणार? हा बसलाय डोकं धरून.

सून : बाबा, हिचं झाकण तुम्ही रोज उघडं ठेवता. मुंग्या येतात. मी रोज बघते. आज बोलते.